मनोऱ्यावरचे नाना

धुळ्यात पाहुणा आला की मी त्याला जुन्या घंटेच्या मनोऱ्यावर नेतो. तिथल्या राखणदाराला सगळे नुसतं नाना म्हणतात. खरं नाव मला आजही ठाऊक नाही. वर पोचलं की लोक पांझरेचं पात्र नाहीतर लळिंगचा किल्ला शोधतात. नाना मात्र कठड्यावरून वाकून खालच्या गच्च्या बघत असतात. कुणी घंटेकडे वळलं तरी त्यांना पाठीनेच कळतं.

"बठ्ठं गाव देखा, पन घंटाले हात लाऊ नका. मना शे."

मनाई म्हणजे मनाई. इतका कडक माणूस दिवसभर गच्च्यांत काय बघतो, याचं मला फार कुतूहल होतं.

यंदा उन्हाळ्यात मेहुण्याला घेऊन गेलो. खाली गच्चीगच्चीवर लुगडी अंथरून बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घातल्या होत्या. एकाएकी नाना ताठ झाले. लळिंगकडून धुळीचा पिवळा लोट येत होता. खालून तो कुणालाच दिसत नव्हता. नानांनी दोर धरला आणि घंटा घणाघणा वाजवली.

बायका धावत जिने चढल्या आणि लुगड्यांसकट बिबड्या उचलू लागल्या. एकीने तर सवयीने वर बघून हात हलवला.

मी घाबरून म्हणालो, "नाना, मनाई आहे ना? महापालिकेच्या साहेबांनी ऐकलं असेल!"

नानांनी खालच्या एका गच्चीकडे बोट केलं. "त्यासन्या बी बिबड्या शेतस त्यामां."

धूळ आली तेव्हा गच्च्या रिकाम्या होत्या. मेहुणा हळूच दोराकडे सरकला.

नाना पाठमोरेच म्हणाले, "मना शे, भाऊ."