शितांनी चिकटवलेलं पाकीट

कोराडीच्या वीज केंद्राच्या कॉलनीत माझी एक मैत्रीण होती, साहेबांची मुलगी. माझे बाबा त्याच साहेबांच्या हाताखाली कंत्राटी कामगार. बारावीला मला तिच्यापेक्षा जास्त मार्क पडले. इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेत तिचं जमलं नाही आणि अशी परीक्षा असते हेच मला उशिरा कळलं. तिनं ‘ड्रॉप’ घेतला, म्हणजे वर्षभर घरी बसून पुन्हा तयारी. आमच्यात घरी बसलेल्या मुलीसाठी स्थळं बघतात.

साहेबांनी बाबांना बोलावलं. मी रोज दुपारी त्यांच्या मुलीला फिजिक्स समजावून द्यायचं, बदल्यात तिच्या क्लासच्या नोट्स वाचायच्या आणि दोघींचे फॉर्म ते स्वतः आपल्या कॉम्प्युटरवर भरणार. बाबांना आभाळ ठेंगणं झालं. तहसीलच्या चकरा मारून काढलेला जातीचा दाखला, मार्कशीट, चार फोटो, सगळं त्यांनी खाकी पाकिटात घातलं. घरात डिंक नव्हता. आईनं भाताची शितं दाबून पाकीट बंद केलं आणि बाबांनी ते साहेबांना नेऊन दिलं.

वर्षभर मी शिकवलं. केंद्राच्या धुराड्यांतून उडून टेबलावर बसलेली राख आधी पुसायची, मग वही उघडायची. मुलगी वाईट नव्हती, हे कबूल करते.

फॉर्मची तारीख जवळ आली तशी मी बाबांच्या मागे लागले, एकदा विचारा ना.

“साहेबाले दोनदा नाही इचारत, पोरी. आपला भरोसा नाही असं वाटते त्यायले.”

कंत्राटी माणसांचा हा नियमच होता. बाबांच्या गेटपासवर दरवर्षी त्याच साहेबांची सही लागायची. रोज त्यांच्या घरचा चहा प्यायले, पण मीही तोंड उघडलं नाही.

हॉलतिकीट आलं, एकच. साहेब पेपरातून मान वर करून म्हणाले, “अरे बेटा, तुझा फॉर्म राहूनच गेला. पुढच्या वर्षी बघू.”

मी म्हणाले, “काही हरकत नाही, काका.” त्या शब्दांची मला आजही किळस येते. वर परीक्षेपर्यंत शिकवायलाही जात राहिले, निर्लज्जासारखी. आता मी सीताबर्डीतल्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवते आणि कुणी ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हटलं की माझं डोकं फिरतं.

तिचा नंबर लागला. साहेब पेढे घेऊन आमच्या दारात आले, सोबत माझं पाकीट. बाबांनी पेढा दोन्ही हातांनी घेतला. मीही खाल्ला. तुपकट, गोडमिट्ट. तरी गिळला. त्यांच्यासमोर थुंकायला हवा होता.

ते गेल्यावर पाकीट हातात घेतलं. शितं वाळून कडक झाली होती, आईनं दाबली होती तशीच, जागच्या जागी. त्या माणसानं वर्षभरात पाकीट उघडलंच नव्हतं.

मला रडू फुटलं. बाबांनी पाकीट माझ्या हातातून घेतलं, उलटंसुलटं करून नीट पाहिलं.

“काहून रडून राहिली वं?” ते म्हणाले. “कागद तं जसेच्या तसे आणून देले ना साहेबानं.”