हळू वाचलेलं पत्र

हॉस्पिटलमधल्या विम्याच्या खिडकीपाशी शेजारी बसलेल्या काकांनी एक पत्र माझ्यापुढे धरलं. "ताई, इंग्रजीत आहे. जरा हळू वाचा."

मी हळूच सांगितलं, "टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन गरजेचं नाही, म्हणून खर्च नामंजूर."

"गरजेचं नाही?" त्यांच्या पलीकडे बसलेल्या काकू म्हणाल्या. "डोक्यातली गाठ काढल्यापासून यांच्या अंगात ते पुरुषी हार्मोन तयारच होत नाही, यांना जिना चढवत नाही."

"अगं, लोक ऐकतायत," काका पुटपुटले.

शाळेत बाई मला नेहमी मोठ्याने वाचायला सांगायच्या. काही शब्द माणसं दबक्या आवाजातच सांभाळतात, हे तिथे कुणी शिकवलं नव्हतं.

नंबर आला. काका खिडकीशी वाकले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन नाकारलंय. परत अर्ज करायचाय."

सगळ्या माना वळल्या. पत्र माझ्याच हातात राहिलं होतं. मी उठले आणि सगळ्यांदेखत नेऊन दिलं.