मुद्देमाल : पांढरा पक्षी, नग एक

दसऱ्यानंतरचा मंगळवार, सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. अमरावतीतल्या माझ्या ठाण्यात हजर असलेले तिघे : मी, ठाणे अंमलदाराच्या टेबलावरचा हवालदार आणि फिर्यादी. चोरीस गेलेल्या मालाची किंमत एक लाख दहा हजार रुपये. मालाचे वर्णन : काकाकुवा जातीचा पांढरा पक्षी, पिवळा तुरा, पिंजऱ्यासह, नग एक. नोकरीत हजारो नोंदी केल्या आणि बहुतेक विसरलो. ही विसरलेलो नाही. खरे सांगायचे तर विसरण्याचा प्रयत्न पुष्कळ केला.

फिर्यादी म्हणजे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक लिपिक. नाव सांगणार नाही, काका म्हणतो. आदल्या संध्याकाळीही ते येऊन गेले होते. तेव्हा मी बंदोबस्ताच्या बैठकीला निघालो होतो, म्हणून 'उद्या या' म्हणालो होतो. त्याप्रमाणे ते आले. हातात फाईल होती. त्यात खरेदीची पावती, परदेशी पक्षी पाळल्याची सरकारी नोंदणी आणि तीन फोटो. इतकी व्यवस्थित फिर्याद माझ्याकडे वर्षात दोन-तीनच येत.

"बोलतो काय तो?" मी विचारले.

"दोनच शब्द येते साहेब. 'ये' अन् 'चहा'. बाकी बोंबलतेच."

हवालदार हसला. "मंग गेला तर बरंच झालं ना काका. शेजाऱ्यायनं पेढे वाटले असतीन."

काका हसले नाहीत. "माह्या घरची त्याच्याशिवाय बोलत नाही," ते म्हणाले.

सहा महिन्यांपूर्वी काकूंना पक्षाघात झाला होता. हात-पाय बरेचसे आले, वाचा गेली. दवाखान्यातल्या बाईंनी रोज एक ते दहा मोठ्याने मोजायला सांगितले होते. काकू प्रत्येक वेळी सातवर अडत. माणसांसमोर अडले की त्यांना रडू येई आणि त्या तोंड मिटून घेत. पक्ष्यासमोर मात्र लाज नव्हती. त्या एकेक आकडा म्हणत, तो एकेकदा तुरा उभारून मान हलवी. सातवर त्या थांबल्या की तोही थांबे. "घाई करत नाही तो," काका म्हणाले. सोमवारी ते काकूंना दवाखान्यात घेऊन गेले असताना मागच्या ओट्यावरची जाळी उचकटून कोणीतरी पिंजऱ्यासकट पक्षी नेला. तेव्हापासून काकूंनी तोंड उघडले नव्हते. डॉक्टरांनी बजावले होते की पहिल्या वर्षात जेवढी वाचा येईल तेवढीच येईल.

मी किंमत लिहून घेतली. बाकीच्या गोष्टीसाठी नमुन्यात रकाना नव्हता.

घटनास्थळाचा पंचनामा केला आणि गल्लीतले जबाब घ्यायला बसलो. असे जबाब मी त्याआधी कधी घेतले नव्हते आणि नंतरही नाहीत. संशयित शोधावा लागत नव्हता, निर्दोष शोधावा लागत होता. त्या पक्ष्याविरुद्ध ठाण्यात आधीचेच चार अर्ज पडून होते. समोरच्या बाई म्हणाल्या, "मी नाही नेला, पण ज्यानं नेला त्याच्या घरी रोज दिवाळी होवो." कोपऱ्यावरचा किराणावाला म्हणाला, "साहेब, सापडला तरी सावकाश सापडू द्या." काकांच्या घराला लागून, एका भिंतीपलीकडे राहणारा मनुष्य औद्योगिक वसाहतीत रातपाळी करायचा. चारपैकी दोन अर्ज त्याचे होते. तो एवढेच म्हणाला, "मी त्या पाखराकडे ध्यानच देत नोतो." आवाजाचा सर्वांत जास्त त्रास ज्याला, त्याचे लक्षच नव्हते. हे मला तेव्हाच खटकायला हवे होते. पण बारा जबाब लिहून माझा हात दुखत होता.

बाराव्या दिवशी अकोल्याहून फोन आला. तिथल्या एका ठाण्यात माझ्याबरोबर प्रशिक्षण घेतलेला अधिकारी होता.

"तुमचा पांढरा माल आमच्याकडे बोंबलून राहिला," तो म्हणाला.

बाळापूर रोडवर एक गार्डन रेस्टॉरंट आहे. संध्याकाळी तिथून बाईला मारहाण होत असल्यासारखा आवाज येतो म्हणून कोणीतरी ११२ ला कळवले. गाडी गेली. दोन शिपाई काठ्या घेऊन मागच्या बाजूने आत शिरले, तर लिंबाच्या झाडाखाली पिंजऱ्यात हे महाशय. मालकाने गिऱ्हाइकांची करमणूक होईल म्हणून अठरा हजारांना घेतला होता. गिऱ्हाईक ताटे सोडून उठत होते.

मी गेलो तेव्हा मालक हात जोडूनच उभा होता. "घेऊन जा साहेब. पैसे बुडाले तरी चालते, पण हे घेऊन जा. लेकरू झोपत नाही, बायको बोलत नाही." विकणारा कोण, हे त्याला माहीत नव्हते. तोंडाला दुपट्टा बांधून आला होता, एवढेच. मी विचारले, "आणखी काही म्हणाला का?"

"जातानी सांगून गेला. लय बोंबलला का भित्तीवर तीन बुक्क्या मारा, गप होते म्हणे. आमच्या बगिच्यात भित कुठी आणू साहेब?"

हे वाक्य मी जबाबात शब्दशः घेतले. परत येताना बोरगाव मंजूपासून बडनेऱ्यापर्यंत पक्षी ओरडत होता. मूर्तिजापूरला चहाला थांबलो तर जीपभोवती माणसे जमली. एका म्हाताऱ्याने चालकाला विचारले, "काय केलं बाप्पा त्यानं?"

त्याच दुपारी काकांना विचारले, "तुम्ही भिंतीवर बुक्क्या मारता का?"

"आमी काहून मारू? घरचीले धसका बसते त्याचा. ते त्या बाजूचं हाये."

त्या बाजूचा रातपाळीवाला मनुष्य दुसऱ्या दिवशी चार वाजता माझ्या खोलीत बसला. पक्षी बाहेर हवालदाराच्या टेबलाजवळ होता, कारण मुद्देमालाच्या खोलीला खिडकी नाही. मी पक्ष्याबद्दल काहीच विचारले नाही. पगार विचारला, पाळ्या विचारल्या, मूळ गाव विचारले. दर्यापूरकडचा निघाला. दीड तास मी सोयाबीनच्या भावावर बोललो. पाच पस्तीसला पक्षी सुरू झाला. काकाकुवा पहाटे आणि सूर्य बुडताना ओरडतो. जंगलात त्याचा थवा असाच एकमेकांना हाका मारतो म्हणतात. माझ्या खोलीत कानठळ्या बसल्या. हवालदाराच्या हातचा पेन पडल्याचे मला दारातून दिसले. माझ्यासमोरचा मनुष्य मात्र दचकला नाही. पहिली किंकाळी, दुसरी किंकाळी. तिसरीला त्याची मूठ आपोआप उठली आणि शेजारच्या भिंतीवर तीनदा आपटली.

बाहेरून पिंजऱ्याच्या पत्र्यावर चोचीचे तीन ठोके आले. मग शांतता.

तो आपल्या मुठीकडे पाहत राहिला. "झालं," तो म्हणाला.

"झालं," मी म्हणालो. "आता सांगा."

"सात वाजता रातपाळी करून येतो साहेब. डोळा लागला का याचं सुरू. मशीनवर झोप येते, दोन बोटं जाता जाता वाचले. अर्जासाठी तीनदा आलो मी तुमच्याकडे. तुमी म्हणाले, उद्या या."

मी कबुली लिहून घेतली, नोटीस दिली आणि त्याला सोडले. त्याचे शेवटचे वाक्य जबाबात घेतले नाही. गुन्ह्याशी संबंधित नव्हते.

पक्ष्याला तपासायला आलेल्या जनावरांच्या डॉक्टरांना मी बुक्क्यांची गंमत सांगितली. ते म्हणाले, "बुक्क्यांनी तो गप बसत नव्हता. उत्तर मिळालं म्हणून थांबत होता. ओरडलं की भिंत बोलते, हे त्याला कळलं होतं. त्या माणसानंच त्याला भर दिवसा ओरडायला शिकवलं." वर्षभर तो बिचारा रोज झोप मोडून त्या पक्ष्याची शिकवणी घेत होता.

चोर सापडला, माल सापडला. इथे प्रकरण संपायला हवे होते. पण माझा खरा वैताग इथून सुरू झाला, आणि त्याचे कारण मीच होतो.

पक्षी परदेशी आहे, तेव्हा वन विभागाचे पत्र हवे, असे मी ठरवले. नोंदणीचा कागद काकांच्या फाईलमध्ये होता, तरीही. नऊ दिवसांनी उत्तर आले की नोंदणी आहे, आमची हरकत नाही. मग न्यायालयाला दिवाळीची सुटी. सुटीतही एक न्यायालय चालू असते, हे मला चांगले माहीत होते. पण पक्ष्यासाठी कोण धावणार? काका रोज दुपारी शेंगदाणे, सूर्यफुलाच्या बिया आणि एक पेरू घेऊन येत, पक्ष्याला खायला घालत आणि माझ्या दारात उभे राहत. मी कागदातून मान वर न करता नेहमीचेच सांगत असे.

ठाण्यात तोपर्यंत कोणाचे डोके ठिकाणावर नव्हते. पक्ष्याची पहाटेची वेळ पाच पन्नास ते सहा दहा, संध्याकाळची पाच पस्तीस ते सहा. हे मी घड्याळ लावून मोजले आहे. त्याने टेलिफोनची घंटा उचलली. एका दिवसात हवालदाराने चौदा वेळा रिकामा फोन उचलला. वायरलेसचा टूक आवाजही उचलला. एका शिपायाने त्याला 'जय हिंद' शिकवायचा विडा उचलला. हिरवी मिरची दाखवत रोज अर्धा तास, "म्हण बे, जय हिंद! अबे म्हण ना!" पक्षी मिरची घेई आणि त्याच्याकडे एका डोळ्याने पाही.

"साहेब, हा आरोपी फुटत नाही," शिपाई म्हणाला.

पक्षी ठाण्यात आल्याच्या सोळाव्या दिवशी दुपारी मी खोलीत जेवत होतो. एक बाई हरवलेल्या कागदपत्रांची तक्रार घेऊन आली. हवालदार पाणी प्यायला उठला होता. टेबलाजवळून आवाज आला, "उद्या या." बाईने पिशवी उचलली आणि निघाली. हवालदार परत आला तेव्हा ती फाटकाबाहेर पोचली होती. तो माझ्या दारात आला.

"साहेब, त्या बाईले तुमी परत पाठवलं का?"

"मी जेवतो आहे."

"मंग बोललं कोण?"

बाहेरून पुन्हा आले. "उद्या या." सावकाश, थोडे नाकातून, शेवटी किंचित वैतागून. आपला आवाज माणसाला ओळखू येत नाही म्हणतात. मला आला, कारण सगळे ठाणे गप झाले आणि सगळे खाली पाहू लागले. 'जय हिंद' शिकवणारा शिपाई तेवढा पुटपुटला, "फुटला."

बाईला परत आणायला माणूस धाडला. मी जेवण तसेच ठेवून काकांची फाईल काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी सुटीच्या न्यायालयात स्वतः उभा राहिलो. पक्षी काकांच्या ताब्यात देण्याचा, म्हणजे सुपूर्दनाम्याचा आदेश घेऊन बाहेर पडायला दोन तास लागले. सतरा दिवस अडलेले काम दोन तासांचे होते.

पिंजरा जीपमधून मीच पोचवला. काकू काठी टेकत दारापर्यंत आल्या. पक्ष्याला पाहून त्यांचा चेहरा उजळला, लुळा हात जाळीला लागला. पक्ष्याने तुरा उभारला आणि त्यांच्या तोंडावर म्हणाला, "उद्या या."

काकूंनी माझ्याकडे पाहिले. पंचनाम्याच्या वेळी ऐकलेला आवाज त्यांना ओळखू आला असावा. मी जीपकडे वळलो.

पुढे शेजाऱ्याने रेस्टॉरंटवाल्याचे अठरा हजार परत केले आणि न्यायालयाच्या परवानगीने तडजोड झाली. काकांनी आपल्या खर्चाने पिंजरा ओट्यावरून हलवून दुसऱ्या भिंतीला नेला. प्रकरण बंद करताना हवालदाराने एक वही पुढे केली. काकांनी रोज आणलेल्या खाद्याची नोंद त्याने ठेवली होती. दिवस सतरा, रोजचे चाळीस, एकूण सहाशे ऐंशी. मुद्देमालाच्या खाद्याला सरकारी खर्चात जागा नाही.

तीस वर्षांत मी माणसांना पुष्कळ गोष्टी शिकवायचा प्रयत्न केला. शिपायांना, गुन्हेगारांना, घरच्यांना. शिकवतो ते कोणी उचलत नाही. आपण नकळत जे रोज बोलतो ते उचलले जाते. काकूंच्या पहिल्या वर्षातले अठ्ठावीस दिवस वाया गेले. त्यातले अकरा चोराचे आणि सतरा माझे. चोराच्या अकरा दिवसांचा गुन्हा मी नोंदवला होता.

एका रविवारी साध्या कपड्यांत काकांच्या घरी गेलो. दहा नोटा टेबलावर ठेवल्या. सहा शंभराच्या, चार विसाच्या.

"राहू द्या ना साहेब," काका म्हणाले. "त्याचे काय पैसे घेऊ?"

"उद्या या," पक्षी म्हणाला.

काकूंनी काठी जमिनीवर आपटली. "आज," त्या म्हणाल्या. शब्द जड होता, पण स्पष्ट होता.

त्यांनी नोटा पुढे ओढल्या आणि एकेक बाजूला ठेवत मोठ्याने मोजू लागल्या. पिंजऱ्यातला तुरा प्रत्येक आकड्याला वर होत होता. सातव्या नोटेवर त्या थांबल्या. तुरा उभाच राहिला. मी उभा होतो. किती वेळ, ते मी घड्याळात पाहिले नाही.

"आठ," काकू म्हणाल्या.

मग नऊ, मग दहा. सहाशे ऐंशी रुपये काकूंना मिळाले.