भेंडी तोडायची अंगठी

मित्रांनो, आज बावड्याच्या बाजारात माझी जुनी विद्यार्थिनी वैशाली भेटली. भेंडी विकत बसली होती. बोटांना चिंध्या गुंडाळल्या होत्या.

मी विज्ञान शिकवतो. आठवीत असताना तिनं मला विज्ञान प्रदर्शनासाठी वहीत एक चित्र दाखवलं होतं. भेंडी तोडून तिच्या आईची बोटं खाजायची, सोलवटायची. म्हणून बोटात घालायची, पातं लावलेली अंगठी. मी म्हणालो, "प्रदर्शनात असलं चालत नाही. सूर्यमाला कर, दिवे लाव."

तिनं केली. तालुक्यात दुसरा नंबर आला. शाळेनं माझाही सत्कार केला.

आज विचारलं, "त्या अंगठीचं पुढं काय झालं गं?"

"काय न्हाय सर. तुमीच म्हणाला हुता, असलं चालत न्हाय."

ती रागावली नव्हती. माझं बोलणं तिनं खरं मानलं होतं, तेच जास्त लागलं.

"आता करूया का?" म्हटलं, तर हसली. "वही कवाच रद्दीत गेली, सर. भेंडी किती देऊ?"

अर्धा किलो घेऊन घरी आलो.

शिक्षक मित्रांनो, खरं सांगा, अशा किती वह्या तुम्ही मिटायला लावल्यात? मला एकेक नाव आठवतंय.