एकेचाळीस तपकिरी रंग

सिएटलजवळच्या बॉथेल गावात राहणाऱ्या नीलांबरी वैरागडेला कोणी विचारलं, "तुम्ही काय करता?" तर ती बिनदिक्कत सांगायची, "मी कार्टूनमधल्या माणसांना कातडी देते." समोरचा गोंधळला की तिला फार मजा वाटायची.

पण ते खरंच होतं. सिएटलमधल्या एका लहानशा स्टुडिओत ती रंगयोजना करायची. मालिकेचं नाव 'रूबीज पोर्च', म्हणजे रूबीचा ओटा. रूबी ही बस चालवून निवृत्त झालेली काळी बाई. घरासमोरच्या ओट्यावर बसून ती अख्ख्या गल्लीची हजेरी घेते. तिचा भाचा एका बँकेत आहे. बँकेच्या प्रत्येक माहितीपत्रकावर त्याचा हसरा फोटो, बढतीच्या यादीत मात्र कधी नाव नाही. गोऱ्या शेजाऱ्यांना रूबी सोलून काढते आणि चर्चमधल्या आपल्या माणसांनाही सोडत नाही. लोक खो खो हसतात आणि हसून झाल्यावर जरा गप्प होतात, अशी ती मालिका.

नीलांबरी मूळची नागपूरची, चित्रकलेची पदविका घेतलेली. लग्नानंतर यतीनबरोबर इकडे अमेरिकेत आली. यतीन जवळच्याच बेलव्ह्यू शहरात सॉफ्टवेअरमध्ये. त्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला नोकरीची परवानगी नव्हती. नऊ वर्षं ती घरी होती, पण हात बांधून बसली नाही. मुलीला, नैनाला, शाळेत सोडायचं आणि लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर रंगकाम शिकायचं. परवानगीचं कार्ड हातात पडलं त्याच आठवड्यात तिने स्टुडिओला अर्ज ठोकला.

चाचणी म्हणून सगळ्यांना एकच चित्र दिलं होतं: संध्याकाळी दिव्याखाली बसलेली रूबी. बाकीचे दिवसाच्या रंगात काळा मिसळून मोकळे झाले आणि रूबीचा चेहरा चुलीतल्या राखेसारखा दिसायला लागला. नीलांबरीने आधी तिन्हीसांजेला स्वयंपाकघराच्या खिडकीत स्वतःचा चेहरा पाहिला. गालावर जांभळी झाक होती, नाकाच्या शेंड्यावर दिव्याचा नारिंगी ठिपका. तेच तिने रूबीला दिलं.

मालिकेची कर्तीधर्ती लोरेन टिलमन, स्वतःही काळी, ते चित्र बराच वेळ बघत राहिली. "हे तुला कुणी शिकवलं?"

"आरशाने," नीलांबरी म्हणाली.

पाच वर्षांत तिच्या फायलीत एकेचाळीस तपकिरी रंग जमले. प्रत्येकाचं नाव मराठी. चिंच, काकवी, भाजकी सुपारी, जांभूळबी. स्टुडिओतली पोरं ती नावं वाकडीतिकडी उच्चारायची, पण वापरायची तीच. "रूबीला चिंच, भाच्याला काकवी," असं बिनचूक सांगायची.

मग एका भागात रूबीच्या समोरच्या घरात भारतीय कुटुंब राहायला येणार असं ठरलं. लोरेनने संहिता नीलांबरीपुढे ठेवली. "वाच आणि खरं सांग."

तिने वाचली. मसाल्याचा वास, ठरवून केलेलं लग्न, मान हलवणं. तिने कागद मिटले. "यात आम्ही कुठेच नाही. तुम्हाला आम्ही जसे वाटतो तसे लोक आहेत."

"मग तुम्ही कसे आहात?"

नीलांबरीने श्वास घेतला. आठ वर्षांपूर्वीच्या एका दुपारचा प्रसंग तिच्या मनात रुतून बसला होता. नैना सहा वर्षांची होती आणि पार्कमध्ये एका काळ्या मैत्रिणीबरोबर खेळत होती. नागपूरहून आलेल्या सासूबाई, शोभाताई, बाकावरून ओरडल्या होत्या, "नैना, उन्हात खेळू नको गं, तिच्यासारखी होशील!" ते मराठीत होतं म्हणून त्या मुलीला कळलं नाही. नीलांबरीला कळलं आणि ती गप्प बसली. ती स्वतः सावळी. तिला पाहायला आलेल्या तीन स्थळांनी रंगावरून नकार दिला होता. तरीही ती गप्प बसली, हे तिला जास्त लागलं होतं.

तिने ते सगळं लोरेनला सांगितलं. सासूबाईंचं नाव सांगितलं नाही, वाक्य तेवढं सांगितलं.

लोरेन हसली नाही. म्हणाली, "आम्ही आमच्या माणसांवर हसतो ते आतून. हे मी लिहिलं तर बाहेरून होईल. तू बरोबर बसून लिहिशील?"

"बसेन," नीलांबरी म्हणाली.

दोघींनी मिळून तो भाग नव्याने लिहिला. भारतीय आई दारात उभी राहून, रूबीकडे बघत मुलाला तेच वाक्य म्हणते. आणि गंमत अशी, की ही आई स्वतः रूबीपेक्षा दोन छटा गडद. रूबी ओट्यावरून आधी तिच्याकडे बघते, मग आपल्या हाताकडे आणि म्हणते, "बाई गं, त्यासाठी ऊन कशाला? त्याला फक्त मोठं व्हावं लागेल. तुझाच मुलगा आहे ना?"

वाहिनीकडून आलेले एक गृहस्थ मात्र अस्वस्थ झाले. त्या आईला थोडं उजळ केलं तर? उगाच कुणाचा गैरसमज नको.

नीलांबरीने पडद्यावर दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. "उजळ केली तर विनोद मरतो. मग ती नुसती एक वाईट बाई उरते. आत्ता ती आमच्यातली आहे. हा रंग माझा आहे, साहेब. माझ्याच हातावरून उचललाय." आणि तिने बाही वर करून हात पडद्याला लावला. रंग तोच राहिला.

भाग शुक्रवारी लागला. रविवारी सकाळी त्यांच्या परिसरातल्या गणेशोत्सवाचे प्रमुख मोरेश्वरकाका दारात हजर. तेव्हा शोभाताई सहा महिन्यांसाठी आलेल्या होत्या. त्यांनीच दार उघडलं.

काकांनी चहालाही हात लावला नाही. "नीलांबरी, तू शिकलेली मुलगी. आपली धुणी चव्हाट्यावर कशाला धुतेस? इथे आपण कष्टाने नाव कमावलंय. आता ऑफिसात लोक विचारतायत, तुमच्याकडे असं असतं का म्हणून."

"मग काय सांगितलंत, काका?"

"नसतं म्हणून सांगितलं!"

"मग खोटं बोललात," नीलांबरी शांतपणे म्हणाली. "मागच्या दिवाळीत तुमच्या मुलासाठी, ईशानसाठी, मुलगी शोधताना तुम्ही गोरी हवी म्हणालात. इथेच, याच सोफ्यावर."

"ती आपल्या घरातली गोष्ट झाली. आणि मुळात असं वाक्य कोणत्या घरात बोलतात? सगळं रचलेलं!"

यतीन घसा खाकरत पुढे सरसावला, पण त्याच्या आधी शोभाताई बोलल्या. भाग त्यांनीही पाहिला होता. नैनाने शेजारी बसून मराठीत सांगितला होता. त्यानंतर दोन दिवस त्या सुनेशी कामापुरतंच बोलत होत्या.

"मोरेश्वरराव, ते वाक्य माझं आहे."

काका त्यांच्याकडे वळले.

"पार्कात म्हटलं होतं मी. माझा सुनेवर राग आहे, तो मी तिच्याशी बघून घेईन. पण रचलेलं म्हणू नका. शब्दाला शब्द खरं आहे."

नैना पायऱ्यांवर बसून ऐकत होती. "आजी, दॅट वॉज सो ब्रेव्ह," ती हळूच म्हणाली.

काका उठले. जाताना म्हणाले, यंदा गणपतीची आरास दुसऱ्या कुणाकडे देऊ. नीलांबरीने दारापर्यंत सोडलं आणि "सांभाळून ड्राइव्ह करा" म्हणाली. दहा वर्षं ती आरास तिने केली होती. वाईट वाटलं, पण तिने परत फोन केला नाही.

दार लावून ती वळली. शोभाताई समोर उभ्या.

"मला आधी सांगायचं होतंस."

"सांगायला हवं होतं, आई. तिथे माझं चुकलं."

"आणि भाग?"

"भाग नाही चुकला."

शोभाताईंनी काकांचा थंड झालेला चहा उचलला. "तुला बघायला आलो तेव्हा मीही घरी जाऊन म्हटलं होतं, नाकीडोळी नीटस आहे, रंग काय, चालवून घेऊ. यतीनला विचार." त्या बेसिनकडे गेल्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "तुझ्या त्या लोरेनला जेवायला बोलाव. मला तिच्याशी बोलायचं आहे."

लोरेन पुढच्या रविवारी दुपारी आली. भरली वांगी तिने तीनदा मागून घेतली. जेवणं झाल्यावर शोभाताईंनी नैनाला दुभाषी म्हणून शेजारी बसवलं आणि थेट विचारलं, "तुमच्यात नसतं का हे?"

लोरेनने हात पुसले. "माझी आजी मला उन्हात खेळू द्यायची नाही. चुलत बहीण माझ्यापेक्षा उजळ होती, तिला सगळ्यांच्या पुढे बसवून फोटो काढायची. आणि आजी स्वतः माझ्याहून गडद."

नैनाने ते मराठीत सांगितलं. शोभाताई पुढे सरकून बसल्या. मग म्हणाल्या, "मग आमच्यावर कशाला भाग काढलात? तुमच्या आजीवर काढायचा!"

हे इंग्रजीत ऐकताच लोरेन खुर्चीत मागे रेलून हसली. "मावशी, आजीवर चार झाले. तुमचा हा पहिलाच."

शोभाताईंनी पदर तोंडाला लावला, पण हसू काही आवरेना. "चार?" त्या पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या. "चार झाले म्हणते!" संध्याकाळी लोरेन निघाली तेव्हा त्यांनी तिच्या हातात वांग्यांचा डबा ठेवला आणि ते चारही भाग लावून देण्याचं नैनाकडून कबूल करून घेतलं.