मिर्यामच्या मलिद्यातलं दूध

येरुहाम गावातल्या आम्हा मराठी ज्यूंपैकी कोणालाही विचारा. तो सांगेल की मिर्यामने मेहंदीच्या मलिद्यात दूध घातलं. दूध मी घातलं.

मिर्याम माझी थोरली मुलगी. तिची समज जन्मापासून सावकाश. वाचता येत नाही, तरी नव्वदच्या दशकात तिने मलिद्याचा, म्हणजे प्रार्थनेच्या गोड पोह्यांचा, स्वतःचा धंदा काढला. कृती भिंतीवर चित्रांत: पोहे, नारळ, साखर, वेलची, शेवटी चमचा, म्हणजे चाखणं. जे चालत नाही, त्यावर लाल फुली. गाईवर भलीमोठी फुली होती, कारण मलिद्यामागून मटण येतं आणि आमच्या धर्मात दूध-मटण एका टेबलावर बसत नाही.

पहिली मोठी ऑर्डर सॅमसनच्या मुलीच्या मेहंदीची. जमलं तर गावातली सगळी कार्यं तिची. नाहीतर पुन्हा वर्कशॉपमध्ये खोकी चिकटवायला.

मिर्याम फळं आणायला गेली आणि मी पातेल्यात डोकावलो. पोहे कोरडे वाटले. (मला विचारलं कोणी? नाही.) गाईवरची फुली पाहून वाटलं, पोरगी चित्रात चुकली. दोन पिशव्या दूध ओतलं, ढवळलं, पिशव्या कचऱ्यात दाबल्या. डोक्यात फक्त पोहे होते, मटण नव्हतंच!

हॉलमध्ये मिर्यामने नियमाप्रमाणे चमचाभर चाखलं. म्हणाली, "खालाव." म्हणजे हिब्रूत दूध.

"नारळाचं गं ते," सॅमसन म्हणाला.

"गाईचं."

"गाय कुठून येईल? मलिदा तूच केलास ना?"

"मीच केला. तेव्हा गाय नव्हती. आता आहे."

 सॅमसनच्या आईने चाखलं: नारळ. त्याच्या मेहुण्याने चाखलं: दूध. मग निकाल लावायला अख्खा हॉल चाखू लागला. प्रार्थनेआधीच एक परात संपली!

"मी तीन चमचे खाल्ले. आता मटण खाऊ की नको?" एका पाहुण्याने विचारलं.

"तू आधी ठरव, काय खाल्लंस ते," मेहुणा म्हणाला.

"नारळ. पण तुझ्या मते दूध. मग उपाशी कोणी राहायचं?"

मिर्याम मटणाच्या पातेल्यापुढे हात पसरून उभी. तिला कोणाला हलवता येईना.

सॅमसन माझ्याकडे वळला. "भाई, तुम्ही घरी होता. दूध पडलं का यात?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मिर्यामही.

मी म्हणालो, "पडलं असेल. पोरगी गोंधळते कधीकधी."

मलिदा परत गेला. प्रार्थना नुसत्या फळांवर झाली, मटण तासभर थांबून गार खाल्लं. पुढच्या ऑर्डरी रद्द झाल्या आणि मिर्याम खोकी चिकटवायला गेली. लोकांना तिला पुन्हा मलिदा सांगायला तीन वर्षं लागली. मी तेव्हापासून रोज उद्या सांगणार होतो.

अखेर गेल्या आठवड्यात सांगितलं. "मिर्याम, ते दूध मी घातलं."

"माहीत आहे, अब्बा. कचऱ्यात पिशव्या होत्या."

"मग बोलली का नाहीस?"

"सांगितलंय की." तिने कृतीच्या भिंतीकडे बोट केलं.

तिथे माझा फोटो आहे, मेहंदीच्या दुसऱ्या दिवसापासून. येणाऱ्याजाणाऱ्याला मी कौतुकाने दाखवतो: बघा, लेकीच्या धंद्यात बापाचा फोटो, लाल मफलरसकट.

चष्मा लावून जवळ गेलो. मफलर नव्हता. गाईशेजारी मी होतो, आणि माझी फुली गाईच्या फुलीपेक्षा मोठी होती.