आर-७चा हिशोब

जावयाची मोटरसायकल सव्वाशे सीसीच्या वर नसावी, एवढी एकच अट मी घातली होती. शिक्षण, पगार, पत्रिका, काही विचारलं नाही. गाडीवरचा आकडा म्हणजे इंजिनाचं माप, हे मला पक्कं ठाऊक. माझी शंभरची गाडी शंभर, शेजाऱ्याची दीडशेची दीडशे. आकडा खोटं बोलत नाही!

मुलगी वर्षा म्हणाली, "बाबा, करीन तं नीलेशशीच, नाही तं कोणाशीच नाही." म्हणून पांढुर्ण्याहून आम्ही तिघं सौंसरला नीलेशचं घर पाहायला गेलो.

अंगणातच गाडी उभी. काळी, रेड्यासारखी रुंद! चहा बाजूला ठेवून वाकून पाहिलं. टाकीवर लिहिलेलं, आर-७.

सातच?

"हे तं खेळणं आहे जी!" मी हसलो. (माझ्या गाडीचा चौदावा हिस्सा. उभ्या उभ्या भागाकार केला.)

"काकाजी, ते सात म्हणजे..." नीलेश घाईनं उठला.

"मले आकडे नको शिकवू, बापू! बिजली ऑफिसात जन्मभर बिलंच तपासून राहिलो मी." म्हणत मी टांग टाकून गाडीवर बसलो आणि किल्ली फिरवली.

"पण रेस तरी हळू द्या जी!"

"सातले कोण भेते?"

माझ्या शंभरला लागते तेवढी रेस दिली. गाडी गेली! तिच्याबरोबर मीही गेलो (हँडल हातात होतं म्हणून, मर्जीनं नव्हे). तुळस डावीकडून गेली, नीलेशची आई उजवीकडून किंचाळत गेली, आणि समोर कापसाची खोली आली. भाव वाढायची वाट पाहत कापूस छतापर्यंत भरलेला. गाडी दारातच रुतली. मी एकटाच पुढे गेलो.

आत पांढरा अंधार. बाहेरून आवाज येत होते.

"जिवंत हायेत का?"

"पाय हालून राहिले ना!"

"अहो, मोजून पाहा, दोन्ही आहेत का!" ही आमची सौ.

पाय धरून मला ओढून काढलं. नाकात सरकी, मिशीत कापूस.

"काकाजी, सात म्हणजे सातशे सीसी," नीलेश रडवेला होऊन म्हणाला. "कंपनी मागची दोन शून्यं लिहीतच नाही."

लिहीतच नाही! आमच्याकडे बिलातली दोन शून्यं कुणी गाळली, तर त्याला घरी बसवतात!

आणि मग डोक्यात उजेड पडला. सातशे! वर्षाचे डोळे भरून आले होते. पण मी शब्दाचा पक्का. शिंकत शिंकत म्हणालो, "अट म्हणजे अट. सातशेवाल्याले मी पोरगी देत नाही."

"मंग देऊन टाका ना जी," नीलेशचे वडील मिशीतल्या मिशीत हसले. वय साठीच्या पुढे, डोक्याला रुमाल. "गाडी त्याची नाही, माही आहे. यंदा संत्रा साधला, हौस केली. हा तं भेकड! सायकलनं ड्युटीवर जाते."

व्याह्यांसाठी मी अट घातलीच नव्हती! वर्षा रडता रडता हसली, म्हणजे लग्न ठरलं.

माझा गुडघा मात्र टम्म सुजला होता. "चला व्याही, दवाखान्यात सोडतो," म्हणत त्यांनी मला उचलून मागच्या सीटवर बसवलं. कुठल्या गाडीच्या, ते सांगायला नको.

रीतीप्रमाणे व्याह्यानं व्याह्याला मांडवात मिठी मारायची असते. माझी सौंसरच्या भर बाजारातून, डोळे गच्च मिटून मारून झाली, आणि दवाखाना आल्यावर ती सोडवायला डॉक्टरांना बाहेर यावं लागलं!